भाकड कोण ठरवतं?

कल्याणच्या खाडीपलीकडे, भिवंडीच्या वाटेवरच्या तबेल्यांत दुपारी दोनची धार चालू असते तेव्हा कुणाला बोलायला फुरसत नसते. मी नेमका तेव्हाच पोचलो, कारण माझ्या एका विद्यार्थ्याचा हा घरचा तबेला, आणि लेक्चर संपलं की तो थेट इथेच येतो. साठेक म्हशी, दोन रांगा, मधून शेणपाण्याचा पाट. टोकाला चार म्हशी वेगळ्या बांधलेल्या होत्या. बाकीच्यांपुढे सरकीची पेंड आणि चुणी, ह्यांच्यापुढे नुसता पेंढा.

"ह्या आजारी आहेत का?" मी विचारलं.

"नाही सर, भाकड," विद्यार्थ्याचे वडील म्हणाले. "संध्याकाळी टेम्पो येतोय."

"तपासून घेतल्या का, काका?"

काका हसले. "तीन लिटरवर आल्यात. ह्यात तपासायचं काय?"

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. वर्गात अंडाशयाचं चित्र काढताना माझा हात कधी अडखळत नाही, पण काकांना उत्तर देताना जीभ अडखळली. ते हिशोबाचं बोलत होते आणि हिशोब त्यांचा बरोबर होता. पण त्यांनी वापरलेला शब्द हिशोबाचा नव्हता. तो म्हशीच्या शरीराबद्दलचा शब्द होता.

गावाकडे भाकड म्हणजे एक टप्पा. म्हैस व्याली, दुभती झाली, गाभण राहिली, पुढचं वेत जवळ आलं की आटवली. त्या आटलेल्या काळात ती भाकडच असते, आणि पोटात पारडू वाढत असतं. "भाकड आहे" ह्या वाक्याला गावात पुढे "दिवाळीनंतर वील" असं शेपूट असतं. तबेल्यात ते शेपूट तुटतं. इथे भाकड म्हणजे निकाल, तोही अंडाशयाकडे न बघता बादलीकडे बघून दिलेला. (बाईच्या बाबतीतसुद्धा आपल्याकडे तपासणीच्या आधी शब्द येतो. तो विषय वेगळा, पण खोड एकच.)

काकांना मी दोष देत नाही. तबेल्यात म्हैस येते तीच मुळी व्यालेली, पाठीशी पारडू घेऊन. हरियाणाची मुऱ्हा, नाहीतर गुजरातची जाफराबादी किंवा मेहसाणा. आठ-दहा महिने तिची धार काढायची, दूध खर्चाच्या खाली गेलं की विकायची आणि त्या दाव्याला नवी व्यालेली आणून बांधायची. म्हशीचा गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा, गायीपेक्षा महिनाभर जास्त. म्हणजे भाकड म्हैस सांभाळायची तर महिनोन्‌महिने विकतचा पेंढा, विकतचं पाणी आणि दूध शून्य. ठाणे-कल्याणात म्हशीपेक्षा तिच्या पायाखालची जागा महाग. अशा ठिकाणी माज बघणं, कांडी भरणं (म्हणजे कृत्रिम रेतन करणं), वाट बघणं कुणाला परवडणार? साखळीने बांधलेली म्हैस माजावर आली तरी कळणार कुणाला, हा आणखी एक प्रश्न. गाय माजावर आली की हंबरते, दुसरीवर उडी घेते, अख्ख्या आळीला कळवते. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो. त्यात उन्हाळ्यात तो आणखी दबतो आणि खुणा दिसल्याच तर रात्री दिसतात.

ह्यामुळे होतं काय, की देशातल्या उत्तमातल्या उत्तम दुभत्या म्हशी शहराकडे येतात आणि एखाददुसऱ्या वेतात संपतात. ही रड आजची नाही. १९४९ मध्ये गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली ती मुंबईतले तबेले एका जागी, स्वच्छ हवेत नेण्यासाठी. त्या कामात आघाडीवर असलेल्या दारा खुरोडींना पुढे १९६३ मध्ये 'अमूल'च्या कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नंतर दापचरीला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ पासूनच्या पालघरमध्ये, तबेले हलवण्यासाठी मोठा दुग्धप्रकल्प उभारला गेला. सरकारने प्रत्येक वेळी म्हशीची जागा बदलायचा विचार केला. तिच्या पुढच्या वेताचा विचार जागेच्या विचाराइतका नेटाने कधी झाला नाही.

कायद्याने मात्र तो केलाय, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याखाली म्हैस कापायची तर दाखला लागतो. जनावर दुधाला, कामाला किंवा प्रजननाला उपयोगी नाही आणि पुढेही होण्याची शक्यता नाही, असा त्या दाखल्याचा मतलब. २०१५ च्या दुरुस्तीवर बोलताना आपण सगळे गाय-बैलांवर भांडलो. म्हशीबद्दलचं हे जुनं वाक्य कुणी वाचलंही नाही. ते वाक्य पुन्हा वाचा. प्रजननाला पुढेही उपयोगी होणार नाही! कायदा सरळसरळ अंडाशयाचं भविष्य विचारतोय. ज्याने सही करायची त्याच्या हाती मात्र स्वतःचे डोळे, स्वतःचा हात आणि समोरची रांग एवढंच आहे.

आता त्या अंडाशयाकडे येऊ.

म्हशीचं अंडाशय सोललेल्या सुपारीएवढं. गायीच्या मानाने लहान, आणि त्यात जन्मतःच स्त्रीबीजांचा साठाही बराच कमी. साधारण २१ दिवसांच्या चक्रात त्यात फॉलिकलांच्या, म्हणजे बीज धरून बसलेल्या इवल्याशा फुग्यांच्या, बहुधा दोन लाटा येतात. प्रत्येक लाटेत अनेक फुगे एकदम वाढायला लागतात, त्यातला एक पुढे निघतो आणि बाकीचे जिरून जातात. दुसऱ्या लाटेतला पुढे निघालेला फुगा फुटतो, बीज बाहेर पडतं, आणि त्याच रिकाम्या जागेत पीतपिंड तयार होतो. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवतो आणि गर्भ टिकवून धरतो. काल इस्ट्रोजेन बनवणाऱ्या त्याच पेशी चार दिवसांत धंदा बदलून प्रोजेस्टेरॉनच्या मागे लागतात. दुकानाची पाटी बदलावी, आतला माणूस तोच राहावा, तसं.

पीतपिंड ह्या नावातच आपली सगळी गोष्ट आहे. पीत म्हणजे पिवळा. गायीचा असतो पिवळा. म्हशीचा नसतो, तो राखाडी-गुलाबी असतो. गायीच्या दुधाला जी पिवळसर झाक देतं तेच कॅरोटीन तिच्या पीतपिंडालाही रंगवतं. म्हैस कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरं आणि पीतपिंडही फिका. शिवाय तो गायीसारखा अंडाशयाबाहेर उठून येत नाही, आत रुतलेला असतो, त्यामुळे गुदमार्गातून हात घालून चाचपणाऱ्या डॉक्टरच्या बोटांनाही चकवतो. म्हणजे ज्या देशात २०१९ च्या पशुगणनेनुसार जवळपास ११ कोटी म्हशी आहेत, तिथे म्हशीच्या अंडाशयाला शब्दसुद्धा आपण गायीचे वापरतो.

आणि हे अंडाशय आतून चालतं कसं, ह्या प्रश्नापाशी मायक्रोआरएनएचा संबंध येतो. हा शब्द २०२४ च्या ऑक्टोबरात दोन दिवस वर्तमानपत्रांत झळकला, कारण व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना त्याबद्दल वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी १९९३ मध्ये जे शोधलं ते एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्यात. सात वर्षं बहुतेकांनी ती त्या किड्याची लहर समजली. २००० मध्ये दुसरा एक मायक्रोआरएनए सापडला आणि तो माणसापर्यंत सगळीकडे निघाला, तेव्हा मंडळी सावरून बसली.

हे काम कसं चालतं ते खानावळीच्या भाषेत सांगतो. गल्ल्यावरून भटारखान्यात चिठ्ठ्या जातात, दोन थाळी, एक मसालेभात. पेशीत जनुकाकडून अशाच चिठ्ठ्या निघतात आणि त्यांच्यावरून प्रथिनं शिजतात. मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे बावीस अक्षरांचा एक तुकडा. तो स्वतः काहीच शिजवत नाही. तो चिठ्ठीच्या तळाशी, जिथे पदार्थाचं नाव संपलेलं असतं तिथे जाऊन चिकटतो. मग ती चिठ्ठी खिळ्यावर लटकलेली राहते किंवा फाडून टाकली जाते. आचारी हजर, सामान हजर, पण थाळी येत नाही. एकेक तुकडा शेकडो वेगवेगळ्या चिठ्ठ्यांना चिकटू शकतो आणि एकाच चिठ्ठीवर अनेक तुकडे टपून असतात. खानावळ बंद पडत नाही, फक्त आज काय किती शिजणार ते बदलतं.

अंडाशयात तर दर तीन आठवड्यांनी अख्खा मेन्यू बदलतो. कुठला फुगा वाढणार आणि कुठला जिरणार, फुग्यातल्या ग्रॅन्युलोसा पेशी जगणार की मरणार, इस्ट्रोजेन बनवणारं विकर (एन्झाइम) किती तयार होणार, पीतपिंडात रक्तवाहिन्या शिरणार की नाही, ह्या प्रत्येक वळणावर हे तुकडे सापडलेत. डुकरिणीच्या ग्रॅन्युलोसा पेशींत एक तुकडा इस्ट्रोजेनच्या त्या विकरालाच आवर घालतो. २००८ चा एक प्रयोग मला फार आवडतो. ज्या उंदरिणींत मायक्रोआरएनए तयार करणारं डायसर नावाचं विकर कमी पडत होतं, त्यांचा पीतपिंड रक्तवाहिन्यांवाचून दुबळा राहत होता आणि गर्भ टिकत नव्हता. शास्त्रज्ञांनी दोन मायक्रोआरएनए बाहेरून त्यांच्या अंडाशयात सोडले. रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी परत आल्या. गर्भ मात्र तरीही टिकला नाही.

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी तो प्रयोग वर्गात सांगतो. एक किल्ली फिरवली म्हणून कुलूप उघडत नाही, हे ज्याने नीट समजून घेतलं त्याला उद्या कुणी "म्हैस गाभण ठेवणारं मायक्रोआरएनए इंजेक्शन" विकायला आला तर दारातूनच परत पाठवता येईल. आणि असे विकणारे येतील. जिथे माजाचं इंजेक्शन, पान्ह्याचं इंजेक्शन आणि ताकदीचं टॉनिक एकाच पिशवीतून विकलं जातं, तिथे नोबेलचं नाव असलेलं किट येण्याला कितीसा वेळ?

उलट्या बाजूने माझे काही मित्र म्हणतात, हे सगळे परदेशी प्रयोगशाळांचे लाड आहेत. इथे जनावराला वेळेवर लाळ्या-खुरकुताची लस मिळत नाही, कांडी भरणारा तीन दिवसांनी येतो, तिथे तुम्ही बावीस अक्षरांच्या तुकड्यांवर सरकारी पैसा खर्चायला सांगता? हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. पैसा एकच असेल तर आधी लस. पण ह्या आक्षेपाच्या पोटात एक समजूत लपलेली आहे, की मूलभूत संशोधन कुणीतरी दुसरं करेल आणि आपण ते वापरू. गायीच्या बाबतीत ते थोडंफार चालतं, कारण होल्स्टीन जातीच्या गायींवर युरोप-अमेरिका अब्जावधी खर्चतात. म्हशीचं काय? मुका माज, लहान अंडाशय, बीजांचा तुटपुंजा साठा, दिवस लहान होऊ लागले की माजावर येण्याची ऋतुबद्ध सवय, हे सगळं तिचं स्वतःचं आहे. ते प्रश्न उत्तर अमेरिकेतल्या गोठ्याला पडतच नाहीत. आपल्या दुधातला ४० टक्क्यांहून जास्त वाटा म्हशीचा आहे. तिच्या अंडाशयाचा अभ्यास आपण केला नाही तर कोण करणार?

आणि क्षमता नाही असंही नाही. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० मध्ये परीक्षानळीतून म्हशीचं पारडू जन्माला आलं आणि २००९ मध्ये क्लोन केलेलंही. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे. इकडे नवी मुंबईत, खारघरला टाटा स्मारकच्या ॲक्ट्रेक संशोधन केंद्रात कॅन्सरच्या पेशीतले रेणू रोज वाचले जातात. रेणू वाचणारी यंत्रं आणि ती चालवणारी पोरं ह्या खाडीच्या आसपासच आहेत. त्यातली काही पोरं माझ्याच वर्गातून गेली.

अडतं ते दुसरीकडे, आणि ते मी स्वतःच्या हातांनी केलेलं आहे म्हणून सांगू शकतो.

नव्वदच्या दशकात एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी पहाटे देवनारच्या कत्तलखान्यात जायचो. हातात मोठ्या तोंडाचा थर्मास, त्यात कोमट सलाईन. ताजी अंडाशयं त्यात टाकायची, झाकण घट्ट लावायचं आणि गोवंडीहून लोकल पकडून वाशीच्या बाजूला प्रयोगशाळेत पोचायचं. मानखुर्द सोडून गाडी पुलावर आली की खाडीचा वारा लागायचा आणि मी थर्मास शर्टाच्या आत धरायचो, तापमान पडू नये म्हणून. एकदा शेजारच्या काकांनी "एक कप मिळेल का?" असं विचारलं होतं. मी खरं सांगितलं. ते वाशी येईपर्यंत दाराशी उभे राहिले.

प्रयोगशाळेत पोचलं की अंडाशयं धुवायची, दोन ते आठ मिलिमीटरचे फुगे मोजायचे, सुईने पाणी ओढून घ्यायचं. आणि वहीत लिहायचं: नमुना १ ते १२.

एवढंच. ती बारा अंडाशयं किती म्हशींची होती ते ठाऊक नाही, कारण जोड्या थर्मासात मिसळलेल्या असत. वय, किती वेतं झाली, शेवटची कधी व्याली, काय खात होती, मुऱ्हा की गावठी, सगळं कोरं. चक्राचा कितवा दिवस, ते पीतपिंडाच्या रंगरूपावरून ताडायचं, आणि तो रंगही, वर म्हटलं तसा, गायीच्या पुस्तकाशी न जुळणारा. आमच्या तक्त्यातला अर्धा भाग अदमासावर उभा होता. तरी तो प्रबंध पास झाला.

पण एक गोष्ट अदमासाची नव्हती. कित्येक अंडाशयांवर ताजा, रसरशीत पीतपिंड दिसायचा. म्हणजे ती म्हैस आठवडाभरापूर्वी माजावर येऊन गेली होती. अंडाशय चालू होतं, तिच्या दाखल्यावर काहीही लिहिलेलं असो. बावीस वर्षांच्या पोराला तेव्हा ते नुसतं "चांगला नमुना" वाटलं. आज काकांच्या तबेल्यात उभं राहून मला तो थर्मास आठवला आणि कसंनुसं झालं.

आजही म्हशीच्या अंडाशयावरचं बरंचसं काम कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांवरच चालतं. त्यात गैर काही नाही. त्यासाठी जिवंत म्हशीला कापावं लागत नाही, ही उलट चांगलीच बाजू. पण मायक्रोआरएनए ही चीज अशी आहे की ती दिवसागणिक बदलते. सातव्या दिवशीच्या पीतपिंडातली यादी वेगळी, सतराव्या दिवशीची वेगळी. उन्हाळ्यातली वेगळी, थंडीतली वेगळी. अशा नमुन्याला जर इतिहासच नसेल, तर लाखोंचं यंत्र लावून आपण वाचतो काय? नाव-वय न लिहिता पॅथॉलॉजीत आलेल्या रक्ताच्या बाटलीवर कुठला डॉक्टर सही करेल?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की म्हशीच्या अंडाशयावर सरकारने पैसा लावावा, जरूर लावावा, पण तो पैसा यंत्रापासून सुरू न होता तबेल्याच्या फाटकापासून सुरू व्हावा. म्हैस भाकड म्हणून फाटकाबाहेर पडायच्या आधी तिची एकदा सोनोग्राफी व्हावी. हे आज, आत्ता शक्य आहे. हातात मावणारं यंत्र मिळतं, महिनाभराचा गर्भ त्यावर दिसतो, फुगे दिसतात, पीतपिंड दिसतो. त्याला मायक्रोआरएनएची गरज नाही. तिच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतोच. जे दिसलं ते त्या आकड्यांपुढे नोंदवावं. आणि तीच म्हैस पुढे कत्तलखान्यात गेली आणि तिचं अंडाशय कुणा पोराच्या थर्मासात पडलं, तर ते बारा आकडे थर्मासावर चिकटवलेले असावेत. ह्याच्या जोडीला थोड्या जिवंत म्हशींचं रक्त, चक्राच्या ठरावीक दिवशी, वर्षभर घेतलं जावं, आणि त्या म्हशी व्याल्या की नाही ते शेवटपर्यंत पाहिलं जावं.

रक्तावर माझा जोर आहे, पण घाई नाही. मायक्रोआरएनए रक्तात तगून राहतात, म्हणून त्यातून गर्भ लवकर ओळखता येईल ही आशा खोटी नाही. गायींमध्ये सोळाव्या दिवसाच्या आसपास काहींची पातळी किंचित वाढलेली दिसली आहे. पण तो फरक बारीक आहे, आणि बाटली हलली, तांबड्या पेशी फुटल्या की त्यांचे स्वतःचे मायक्रोआरएनए सांडून सगळा हिशोब बुडवतात. भिवंडीच्या रस्त्यावरून मोटारसायकलच्या डिकीत आलेल्या बाटलीचं काय होईल ते भिवंडीचा रस्ता पाहिलेल्याला सांगायला नको.

नोंद आणि रेणू एकत्र आले की काय होतं ह्याचं उदाहरण दूर नाही, फलटणला आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गॅरोल मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं. ते जनुक अंडाशयातच काम करतं, एकाऐवजी जास्त बीजं पिकू देतं. नारी सुवर्णा नावाने ती मेंढी धनगरांपर्यंत गेली. जनुक शोधणारे जगात इतरत्रही होते. पण कुठल्या मेंढीला कधी किती कोकरं झाली, त्यातली किती जगली, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवणारी वही तिथे होती. आणि मायक्रोआरएनए पशुपालनात कसा पैशाचा विषय होतो, तेही मेंढीनेच दाखवलं. टेक्सेल जातीच्या मेंढीचे पुठ्ठे भरदार का, ह्याचं उत्तर २००६ मध्ये मिळालं. एका चिठ्ठीच्या तळाशी फक्त एक अक्षर बदललेलं, त्यामुळे दोन मायक्रोआरएनएंना तिथे चिकटायला जागा मिळाली, आणि स्नायूंची वाढ रोखणारं प्रथिन कमी शिजू लागलं. एक अक्षर! ते सापडलं, कारण कुठली मेंढी कुणाची आणि तिच्या अंगावर मांस किती, हे आधीच मोजून लिहिलेलं होतं.

उरला प्रश्न भाकड म्हशीला ठेवायचं कुठे. ठाणे जिल्ह्याचा नकाशा उघडा. मुरबाड, शहापूरकडून गवताचे आणि पेंढ्याचे ट्रक भरून खाली तबेल्यांकडे येतात. पेंढा म्हशीकडे येऊ शकतो तर म्हैस पेंढ्याकडे का जाऊ शकत नाही? पौष पौर्णिमेला म्हसा गावच्या यात्रेत बैल बघायला आजही मुरबाडमध्ये झुंबड उडते. जनावर ओळखणारी, वाट्याने पाळणारी माणसं तिथे आहेत. सोनोग्राफीत चालू अंडाशय दिसलेली म्हैस सहा-आठ महिने तिकडे वाट्याने द्यायची, कांडी भरायची, व्यायला आली की परत. सगळ्या म्हशींना हे लागू होणार नाही. ज्यांचं खरोखर संपलंय त्या जातील कत्तलखान्यात, त्याबद्दल मला भाबडेपणा नाही. म्हशीच्या मांसावर पोट असणारी माणसंही आपलीच आहेत. माझा आक्षेप न बघता पाठवण्याला आहे.

ह्याचा खर्च कुणी करायचा? काकांनी एकट्याने नाही. ठाण्यात आम्ही तबेल्याच्या ताज्या दुधाला चांगला भाव देतो. काचेच्या बाटलीतून आलं, वर ए-टू लिहिलेलं असलं, तर त्याहून बरेच जास्त देतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतो. त्यात लिटरमागे आठ आणे म्हशीच्या पुढच्या वेतासाठी गेले तर घोडबंदर रोडवरच्या एकाही कुटुंबाचा चहा फिका होणार नाही. ह्या आठ आण्यांबद्दल माझ्या बिल्डिंगमध्ये बोललो तर एकाने विचारलं, म्हशीचं फॅमिली प्लॅनिंग आता आपण करायचं का? मी म्हटलं, तिच्या पोराच्या वाटणीचं दूध आपण पितो तेव्हा संबंध आधीच जुळलेला आहे.

त्या दिवशी काकांच्या तबेल्यात साडेचारच्या सुमाराला डॉक्टर आले, कासेला दगडी हा आजार झालेल्या एका म्हशीला बघायला. मी भीड मोडून म्हटलं, ह्या चौघींना पण हात लावून बघा की. ते म्हणाले, एकीला बघतो, वेळ नाही. खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा मोजा चढवला, हात आत घातला आणि तोंड दुसरीकडे फिरवून, डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहिले.

"उजव्या बाजूला पीतपिंड आहे," ते म्हणाले. "ही आलेली आहे माजावर. कुणाच्या लक्षात आलं नसेल."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी तिचं दावं सोडून तिला परत रांगेत बांधलं आणि पुढ्यात घमेलंभर चुणी ओतली. माझा विद्यार्थी बिल्ल्यावरचे आकडे मोबाईलमध्ये टिपून घेत होता. शेणाने दोन आकडे झाकले गेले होते, ते त्याने अंगठ्याने पुसले.

टेम्पो सहाला आला. भाडं चार म्हशींचं ठरलेलं, तीन चढवून तो हलेना. थोडी बोलाचाली झाली. मग काकांनी रांगेच्या टोकाची दुसरी एक सोडली. ती चार लिटरवर आली होती. डॉक्टर तोवर पडघ्याकडे निघून गेले होते.